सायनसमधला जिवाणू आणि सायनसमधली बुरशी

कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो: "डॉक्टर, बुरशी तर नाही ना?" नाक आठ दिवस चोंदलेलं असतं, गाल ठणकत असतो, खाली वाकलं की कपाळ जड होतं आणि डोक्यात २०२१च्या उन्हाळ्यातल्या बातम्या घोळत असतात. ही भीती समजण्यासारखी आहे. काही जण मात्र याच्या नेमके उलट वागतात. सायनस नेहमीचाच म्हणून केमिस्टकडून तीन गोळ्यांची अझिथ्रोमायसिनची पट्टी आणतात, ती संपली की दुसरी आणतात, आणि मधुमेह असूनही साखर मोजत नाहीत. पहिला माणूस बहुतेक वेळा उगाच घाबरलेला असतो. दुसऱ्याने मात्र थोडं घाबरायला हवं होतं.

या दोन संसर्गांतला फरक कळायचा तर आधी जागा नीट पाहायला हवी. चेहऱ्याच्या हाडांमध्ये हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात; याच पोकळ्या म्हणजे सायनस. सगळ्यांत मोठी गालाच्या हाडात, दुसरी कपाळात, तिसरी दोन डोळ्यांच्या मधे बारीक बारीक कप्प्यांच्या रूपात आणि चौथी अगदी मागे, कवटीच्या तळाशी. या पोकळ्यांना आतून ओलसर अस्तर असतं. त्यावरचे सूक्ष्म केस सतत एका दिशेने हलत असतात आणि धूळ, परागकण, जंतू अडकलेला चिकट स्राव नाकाकडे ढकलत असतात. गालातल्या सायनसचं तोंड तळाशी नसतं, आतल्या भिंतीवर बरंच वर असतं. गच्चीवरच्या टाकीला नळ तळाशी न बसवता वरच्या काठाजवळ बसवावा, तशी ही रचना आहे. स्राव आपोआप बाहेर पडूच शकत नाही. केसांनी तो वर चढवावा लागतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिलं, की हे केस स्राव ठरलेल्या वाटेनेच नेतात. सायनसला दुसरीकडे मोठं भोक पाडून दिलं तरी स्राव त्याला वळसा घालून मूळ तोंडाकडेच जातो. दुर्बिणीतून होणारी आजची सायनसची शस्त्रक्रिया याच निरीक्षणावर उभी आहे: नवी वाट पाडायची नाही, मूळचं तोंड मोकळं करायचं.

साध्या सर्दीत काय होतं ते आता पाहू. विषाणूमुळे अस्तर सुजतं, ते अरुंद तोंड मिटतं आणि स्राव आत साचतो. म्हणजे सर्दी झालेल्या जवळपास प्रत्येकाच्या सायनसमध्येही सूज असतेच. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या जॅक ग्वाल्टनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली नुकतीच सर्दी झालेल्या ३१ प्रौढांचा सीटी स्कॅन केला. त्यातल्या ८७ टक्के लोकांच्या गालाच्या सायनसमध्ये दोष दिसला. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा बहुतेकांचे सायनस अँटिबायोटिक न घेताच साफ झालेले किंवा खूप सुधारलेले होते. म्हणून सर्दीच्या पहिल्या आठवड्यात काढलेल्या स्कॅनवर "सायनुसायटिस" असं लिहून आलं तरी त्यावरून औषध ठरवू नये.

या साचलेल्या स्रावात जिवाणू वाढीला लागले की जिवाणूजन्य सायनुसायटिस सुरू होतो. प्रौढांमध्ये हे शंभर सर्द्यांमागे एखाद-दोन वेळाच घडतं. त्यामागचे नेहमीचे तीन जिवाणू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए (न्यूमोकॉकस), हिमोफिलस इन्फ्लुएन्झा आणि मोराक्झेला कॅटरॅलिस. हे बाहेरून चाल करून येत नाहीत; पुष्कळदा आधीपासूनच नाकाच्या मागच्या भागात मुक्कामाला असतात.

विषाणू की जिवाणू हे ओळखण्यासाठी लोक शेंबडाचा रंग पाहतात आणि तिथेच फसतात. हिरवा रंग जिवाणूंचा नसतो. आपल्याच पांढऱ्या पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचं हिरवट विकर असतं. या पेशी मोठ्या संख्येने जमल्या की स्राव हिरवा होतो, आणि विषाणूशी लढतानाही त्या जमतातच. खरी खूण कॅलेंडरवर मिळते. दहा दिवस उलटूनही सर्दी, दाट स्राव आणि चेहऱ्याचं दुखणं काडीइतकं कमी झालं नसेल, तर जिवाणूंचा संशय घ्यावा. सुरुवातीपासूनच १०२ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, पुवासारखा स्राव आणि गालात-कपाळात तीव्र दुखणं असं तीन-चार दिवस सलग चाललं असेल, तरीही. तिसरी खूण मला सगळ्यांत उपयोगाची वाटते: माणूस बरा व्हायला लागतो, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी अचानक पुन्हा ताप चढतो, डोकं ठणकायला लागतं, नाक दुप्पट वाहू लागतं. सर्दी अशी मागे फिरून येत नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. दुखणं एकाच बाजूला आहे आणि नाकातून घाण वास येतोय, अशा वेळी वरच्या दाढा तपासून घ्याव्यात. त्यांची मुळं गालाच्या सायनसच्या तळाला अगदी भिडलेली असतात, काहींची तर पातळ अस्तराखालीच. किडलेल्या दाढेतला संसर्ग तिथून वर चढतो. मग नाकाची औषधं महिनोन्‌महिने घेतली तरी आजार हटत नाही. दाढेवर उपचार झाले की आठवड्या-दोन आठवड्यांत फरक दिसू लागतो.

जिवाणूजन्य सायनुसायटिसचा उपचार त्या मानाने सरळ आहे. तब्येत बरी असेल आणि रुग्णावर नीट लक्ष ठेवता येणार असेल, तर डॉक्टर आणखी काही दिवस थांबायलाही सांगतात, कारण बऱ्याच जणांचा आजार आपोआप ओसरतो. औषध द्यायचंच ठरलं तर प्रौढांना सहसा अमॉक्सिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट दिलं जातं, पाच ते दहा दिवस. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर डॉक्सिसायक्लिनसारखा पर्याय असतो. आपल्याकडे सर्रास घेतलं जाणारं अझिथ्रोमायसिन इथे पहिल्या पसंतीचं नाही. न्यूमोकॉकस त्याला मोठ्या प्रमाणावर सरावलाय. योग्य औषध चालू झाल्यावर दोन-तीन दिवसांत उतार दिसायला हवा. दिसला नाही तर गोळी बदलण्याआधी निदान पुन्हा तपासावं.

जोडीला नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा सूज उतरवतो. तो मारताना टोक मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाकडे वळवावं. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब तीन-चार दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत. पुढे ते थांबवले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. मिठाच्या पाण्याने नाक धुणं, म्हणजे आपली जलनेती, खरोखर गुणकारी आहे. फक्त पाणी उकळून कोमट केलेलं असावं, पेलाभर पाण्याला साधारण अर्धा छोटा चमचा मीठ. साध्या नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात क्वचित नेग्लेरिया नावाचा अमीबा असतो. प्यायलं तर तो काही करत नाही, पण नाकावाटे मेंदूपर्यंत पोचला तर बहुतेक वेळा जीव घेतो.

हेच अमॉक्सिसिलिन बुरशीवर का चालत नाही? जिवाणूच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाची भिंत असते. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातली औषधं ही भिंत बांधण्याचं काम अडवतात. भिंत कच्ची राहते, जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नाही, म्हणून औषध आपल्याला सहसा इजा न करता जिवाणू मारतं. बुरशीलाही भिंत असते, पण ती कायटिन आणि ग्लुकनची. पेनिसिलिनला तिच्यात धरायला काहीच सापडत नाही. शिवाय बुरशीच्या पेशीत केंद्रक आहे, अंतर्गत यंत्रणा बरीचशी आपल्यासारखीच आहे. जीवसृष्टीत बुरशी जिवाणूंपेक्षा आपल्याला जवळची. त्यामुळे तिला मारायचं आणि माणसाला वाचवायचं हे काम फार अवघड होऊन बसतं. एक मोठा फरक हाताशी येतो: आपल्या पेशीच्या पातळ आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. अँफोटेरिसिन बी या एर्गोस्टेरॉललाच जाऊन चिकटतं आणि आवरण निकामी करतं. व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल ही 'ॲझोल' कुळातली औषधं एर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत. पण कोलेस्टेरॉल आणि एर्गोस्टेरॉल ही भावंडंच. अँफोटेरिसिन थोडंफार आपल्या पेशींनाही चिकटतं, आणि त्याची किंमत मूत्रपिंडं मोजतात.

या औषधांच्या जन्मकथेत एक उलटापालट आहे, आणि तिची एक कडी पुण्याजवळ पिंपरीत आहे. जिवाणू मारणारं पेनिसिलिन मिळालं बुरशीपासून. बुरशी मारणारं अँफोटेरिसिन मिळालं जिवाणूपासून: व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस या जिवाणूपासून, १९५०च्या दशकात. आणि १९५४ साली पेनिसिलिन बनवण्यासाठी स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांनी १९६०च्या सुमारास अँफोटेरिसिनच्याच कुळातलं बुरशीरोधक औषध शोधलं. कंपनीच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव ठेवलं हॅमायसिन. ते बनवणाऱ्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. सायनसच्या गंभीर आजारात हॅमायसिन वापरत नाहीत, पण एकाच आवारात दोन्ही बाजूंची औषधं निघाली, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं असं मला वाटतं.

बुरशीबद्दल सगळ्यांत आधी एक गोष्ट मनात पक्की करावी: ती प्रत्येकाच्या नाकात आहे. तिचे बीजाणू हवेत असतात, आपण ते रोज ओढतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९९ साली जुनाट सायनुसायटिसच्या ९६ टक्के रुग्णांच्या नाकात बुरशी सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा मूळ कारण गवसलं असं अनेकांना वाटलं. पण त्याच अभ्यासात तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांमध्ये ती शंभर टक्के सापडली होती. पुढे नाकात अँफोटेरिसिन फवारून जुनाट सायनस बरा होतो का, याच्या चाचण्या झाल्या. फायदा दिसला नाही. तेव्हा प्रयोगशाळेच्या कागदावर "बुरशी वाढली" एवढंच आलं असेल, तर त्यावरून आजार ठरत नाही. ती अस्तराच्या वरच आहे की आत शिरलीय, आणि शरीर तिच्याशी कसं वागतंय, यावर सगळं ठरतं.

वरच राहणाऱ्या बुरशीचे दोन प्रकार नेहमी भेटतात. पहिल्यात एका बाजूच्या गालाच्या सायनसमध्ये ॲस्परजिलस बुरशीच्या तंतूंचा ठिसूळ, मातकट गोळा जमतो. हा बहुधा प्रौढ, अन्यथा धडधाकट माणसांत सापडतो. कधी वरच्या दाढेच्या रूट कॅनालमधलं झिंक ऑक्साइड सायनसमध्ये उतरलेलं असतं आणि त्याच्याभोवती गोळा वाढतो. सीटी स्कॅनवर करड्या सावलीत पांढरे ठिपके चमकतात. दुर्बिणीतून तोंड मोठं करायचं, गोळा काढायचा, पोकळी धुवायची, संपलं. बुरशीविरोधी गोळी लागत नाही.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा, आणि तो तरुणांत जास्त. बुरशी थोडीशीच असते. शरीराचा तिच्यावरचा राग मोठा असतो. नाकात मांसाचे कोंब वाढतात, वास जातो, सायनस चिवट, तपकिरी-हिरव्या स्रावाने ठासून भरतात. तो दुर्बिणीतल्या नळीने ओढला जात नाही, चिमट्याने उपसावा लागतो. वर्षानुवर्षांच्या दाबाने हाड पातळ होतं. एखाद्याचा डोळा हळूहळू पुढे येतो आणि घरच्यांना जुना फोटो पाहिल्यावर ते कळतं. इथे शस्त्रक्रियेनंतर मुख्य औषध आहे स्टिरॉइड: काही आठवडे पोटातून, कमी कमी करत, आणि पुढे दीर्घकाळ नाकातून. कारण मारायचं आहे ते शरीराच्या अतिरेकी प्रतिक्रियेला. आजार परतण्याची शक्यता मोठी, म्हणून तपासण्या वर्षानुवर्षं चालतात.

अस्तरात शिरणाऱ्या बुरशीचा एक संथ प्रकार सुदान, पाकिस्तान आणि भारतात दिसतो. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या माणसाच्याही ऊतीत शिरते आणि महिनोन्‌महिने गाठी करत डोळ्याच्या खोबणीकडे सरकते. आपल्याकडे अशी गाठ पाहून आधी क्षयाचा किंवा कर्करोगाचा संशय येतो. तुकडा तपासल्याशिवाय हा गुंता सुटत नाही.

आणि मग म्युकरमायकोसिस. माध्यमांनी तिला "काळी बुरशी" म्हटलं, पण बुरशी काळी नसते. रायझोपस आणि तिच्या कुळातल्या बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसतात, आत गुठळी होते, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि मांस मरून काळं पडतं. म्हणून काळा डाग ही उशिराची खूण आहे. त्याच्या आधी चेहऱ्याची एकच बाजू दुखते, गाल बधिर होतो, पापणी सुजते, एकाचे दोन दिसतात, वरचे दात हलू लागतात. वाढलेली साखर असलेल्या माणसात यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

साखरेचा आणि या बुरशीचा संबंध वरवरचा नाही. मधुमेह बेफाम होऊन रक्त आम्लधर्मी झालं की प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह सुटं होतं आणि लोह हे रायझोपसचं खाद्य. त्याच वेळी रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जीआरपी७८ नावाचं प्रथिन वाढतं, ज्याला धरून ही बुरशी आत शिरते. बीजाणू गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी साखरेने आधीच मंदावलेल्या असतात. २०२१ साली या सगळ्यावर कोविड आणि स्टिरॉइडची भर पडली. प्राणवायू लागणाऱ्या रुग्णाला रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, याने जीव वाचतात हे सिद्ध झालं होतं. प्रत्यक्षात अनेकांना ते गरज नसताना, जास्त प्रमाणात, जास्त दिवस दिलं गेलं आणि साखर मोजली गेली नाही. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात म्युकरमायकोसिसचे ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४,३००हून अधिक मृत्यू होते. सर्वांत जास्त रुग्ण, ९ हजारांवर, महाराष्ट्रात.

निदानाची पहिली पायरी जुनी, स्वस्त आणि वेगवान आहे. दुर्बिणीतून पाहताना नाकाच्या आतला भाग फिका किंवा काळपट दिसतो, टोचलं तर दुखत नाही आणि रक्त येत नाही. तिथला तुकडा काचपट्टीवर ठेवून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. माणसाच्या पेशी विरघळतात, बुरशीची भिंत टिकते, आणि थोड्याच वेळात सूक्ष्मदर्शकाखाली उत्तर दिसतं. रुंद, फितीसारखे, जवळजवळ पडदे नसलेले आणि काटकोनात फुटणारे तंतू म्हणजे म्युकर. ३ ते ६ मायक्रॉनचे बारीक, पडदेदार, पंचेचाळीस अंशांत फाटे फुटणारे तंतू म्हणजे बहुधा ॲस्परजिलस. हा फरक केवळ पुस्तकी नाही: ॲस्परजिलसवरचं पहिल्या पसंतीचं व्होरिकोनॅझोल म्युकरवर काम करत नाही. वाढवून पाहण्यासाठी तुकडा प्रयोगशाळेत जातो तेव्हा तो कुटायचा नसतो, बारीक कापायचा असतो. म्युकरच्या तंतूंत पडदे नसल्याने एका जागी तुटला की अख्खा तंतू मरतो आणि काहीच उगवत नाही.

उपचारात शस्त्रक्रिया आणि औषध बरोबरच सुरू करावं लागतं. मेलेल्या मांसात रक्त जात नाही, म्हणजे औषधही जात नाही. म्हणून सर्जन ताजं रक्त येईपर्यंत मेलेला भाग काढत जातात, गरज पडली तर टाळू आणि कधी डोळासुद्धा. लायपोसोमल अँफोटेरिसिन हे औषध चरबीच्या सूक्ष्म कणांत गुंडाळलेलं असतं, त्यामुळे मूत्रपिंडांना कमी त्रास होतो. ते शिरेतून, किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम. मेंदूला लागण असेल तर त्याहून जास्त. कुपी ५० मिलिग्रॅमची असते. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सहा कुप्या, चार आठवड्यांना १६८. २०२१च्या मे महिन्यात नातेवाईक एकेका कुपीसाठी जिल्हे का पालथे घालत होते, ते या हिशेबावरून कळतं. वर्ध्यातल्या एका कंपनीने तेव्हा हे इंजेक्शन बनवायला घेतलं. औषध चालू असताना रक्तातलं क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम सतत पाहावं लागतं. ॲलर्जीच्या बुरशीत जे स्टिरॉइड उपचार होतं, ते इथे शक्य तितकं लवकर कमी करायचं असतं.

शिरेतलं औषध संपल्यावर पोसाकोनॅझोल किंवा इसाव्हुकोनॅझोलच्या गोळ्या काही महिने चालतात. पोसाकोनॅझोल जेवणाबरोबर घ्यावं, तसं ते जास्त शोषलं जातं. टाळूचा भाग गेलेल्यांना दंतवैद्य मापाची कवळी बसवून देतात. ती लावली की घोटलेलं पाणी नाकातून परत येत नाही आणि बोलणं समजू लागतं. जखम भरताना मोजमाप बदलतं, म्हणून ती पहिल्या वर्षात एकदा-दोनदा नव्याने करावी लागते. साखर पुन्हा चढली तर गोळ्या चालू असतानाही आजार उलटू शकतो, त्यामुळे या रुग्णांच्या फाइलमध्ये दर तपासणीला एमआरआय आणि दुर्बिणीच्या नोंदींशेजारी सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सीचा आकडाही लिहिला जातो.